कोकमाच्या अर्कातले चांदीचे नॅनोकण : परीक्षकांना उत्तर द्यावे, की दुसरे नियतकालिक शोधावे?

रातांबा (प्रश्न)

सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यात राहून रसायनशास्त्रात पीएच.डी. करीत आहे. कोकमाच्या सालीच्या अर्काने सिल्व्हर नायट्रेटपासून चांदीचे नॅनोकण (मीटरच्या अब्जांशात मोजावे लागणारे कण) तयार करणे, त्यांची तपासणी करणे आणि जिवाणूंवर त्यांचा काय परिणाम होतो ते पाहणे, हा माझ्या कामाचा पहिला भाग आहे. त्यावरचा शोधनिबंध आम्ही आधी नॅनोविज्ञानातील एका फार मोठ्या नियतकालिकाकडे पाठवला होता. तेथून तो चौथ्याच दिवशी, परीक्षकांपर्यंत न पोहोचता, संपादकांच्या दोन ओळींच्या पत्रासह परत आला. त्याचे फारसे वाईट वाटले नाही, कारण तेवढी अपेक्षाच नव्हती. मग तो एका मध्यम पण नावाजलेल्या नियतकालिकाकडे पाठवला आणि अकरा आठवड्यांनी निर्णय आला : मेजर रिव्हिजन, म्हणजे मोठ्या दुरुस्त्या करून पुन्हा पाठवा, मुदत ६० दिवस.

पहिल्या परीक्षकांनी भाषेच्या आणि आकृत्यांच्या किरकोळ दुरुस्त्या सुचवल्या आहेत. दुसऱ्या परीक्षकांनी मात्र तीन पाने शेरे लिहिले आहेत. त्यांचा पहिला प्रश्न एक्सआरडीच्या (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याच्या चाचणीच्या) आलेखाविषयी आहे. आमच्या आलेखात ३८.१, ४४.३, ६४.४ आणि ७७.४ अंशांवर चांदीची शिखरे व्यवस्थित आहेत. पण त्यांखेरीज २७.८, ३२.२ आणि ४६.२ अंशांवरही शिखरे आली आहेत, आणि ३२.२ चे शिखर तर चांदीच्या मुख्य शिखराहून उंच आहे. या तिन्ही शिखरांवर आम्ही तारका काढून खाली "अर्कातील सेंद्रिय द्रव्यांचे स्फटिकीभवन" असे लिहिले होते. अशा तारका मी पुष्कळ प्रसिद्ध निबंधांत पाहिल्या आहेत, म्हणून त्यात काही वावगे वाटले नाही. परीक्षक विचारतात की ही सेंद्रिय द्रव्ये नेमकी कोणती आणि त्याला पुरावा काय.

दुसरा शेरा आकाराविषयी आहे. एक्सआरडीच्या शिखरांवरून शेररच्या सूत्राने आम्ही १९ नॅनोमीटर आकार काढला, डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून कण मोजण्याच्या पद्धतीने) ८४ आला आणि टीईएमचे (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे) एकच छायाचित्र जोडले आहे. तेव्हा यांतला खरा आकार कोणता, असे त्यांनी विचारले आहे. तिसरा शेरा असा की जिवाणूंच्या प्रयोगात नुसत्या सिल्व्हर नायट्रेटची आणि नुसत्या अर्काची तुलना का केली नाही. शेवटी एका ओळीत त्यांनी विचारले आहे, "आणखी एक वनस्पती, यापलीकडे यात नवे काय?" हे वाचून दोन दिवस मी फाइल उघडली नाही.

हे चालू असतानाच दुसऱ्या एका नियतकालिकाची ईमेल आली. नावात "नॅनोसायन्स", "इंटरनॅशनल" आणि "अॅडव्हान्स्ड" हे तिन्ही शब्द आहेत. विशेषांकासाठी निबंध मागितला आहे, सात दिवसांत स्वीकृती देण्याची हमी आहे आणि शुल्क रुपयांतही भरता येते. आमच्याकडील एका वरिष्ठांचे म्हणणे असे की तेथे देऊन मोकळे व्हावे, परीक्षकांच्या नादी लागू नये.

मी गोंधळले आहे. शिखरांचे काय करावे, निबंध कोठे द्यावा आणि पैसे भरावेत का, याविषयी अनुभवी मंडळींनी सांगावे ही विनंती. कामाचा तपशील लागला तर : रातांब्यांचा (कोकमाच्या ताज्या फळांचा) हंगाम एप्रिल-मेचा असतो आणि माझे प्रयोग जुलैत सुरू झाले, त्यामुळे बाजारातली आमसुले आणून १० ग्रॅम आमसुले १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात उकळून अर्क काढला. सिल्व्हर नायट्रेट १ मिलिमोलर घेतले होते.

खाडीकाठ

ताई, तुमचा प्रश्न शेवटपर्यंत वाचला आणि उत्तर तुमच्या शेवटच्या परिच्छेदातच सापडले. बाजारातली आमसुले घेतलीत ना? मग अर्काबरोबर मीठही आले.

रातांबे फोडून साली आणि गर वेगळा करतात, गराला मीठ लावून रस सोडवतात, त्या रसात साली बुडवून उन्हात घालतात, आणि सालींना काळा-जांभळा रंग चढेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करतात. कोकणातल्या प्रत्येक अंगणात हे दर उन्हाळ्यात दिसते, आणि दिसते म्हणूनच प्रयोगशाळेत शिरताना आपण ते विसरतो. मीठ म्हणजे क्लोराइड, आणि क्लोराइड व चांदी यांची गाठ पडली की काय होते ते आपण बारावीच्या प्रात्यक्षिकात पाहिलेले असते : पांढरा, दह्यासारखा साका. तुमची २७.८, ३२.२ आणि ४६.२ ही तिन्ही शिखरे सिल्व्हर क्लोराइडची आहेत. ५४.८ आणि ५७.५ या ठिकाणीही बारकाईने पाहा. आलेख स्वच्छ असेल तर तेथेही उंचवटा दिसेल. सेंद्रिय द्रव्याचा याच्याशी काही संबंध नाही.

किती मीठ पुरते याचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. सिल्व्हर क्लोराइडचा विद्राव्यता गुणाकार २५ अंश सेल्सिअसला सुमारे १.८ × १०⁻¹⁰ आहे; द्रावणातल्या चांदी आणि क्लोराइडच्या प्रमाणांचा गुणाकार याच्या वर गेला की साका पडतो. तुमच्या द्रावणात चांदीचे प्रमाण १ मिलिमोलर, म्हणजे लिटरमागे सहा-साडेसहा मायक्रोग्रॅम क्लोराइड असले तरी साका पडण्याची सुरुवात होऊ शकते. आणि एक लिटरमधली सगळी चांदी क्लोराइडमध्ये अडकवायची असेल तर मीठ लागते फक्त ५८ मिलिग्रॅम. आमटीत घालतो त्या चिमटीचासुद्धा हा लहानसा अंश झाला. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानक लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड चालवून घेते, तेव्हा चंचुपात्रे शेवटी विहिरीच्या पाण्याने विसळण्याची सवय असेल तर तीही मोडा. आमच्याकडे खाडीलगतच्या विहिरींचे पाणी मेअखेरीस जिभेलाच मचूळ लागते. अशा पाण्याने धुतलेल्या परीक्षानळीत मुलांना प्रत्येक क्षारात क्लोराइड सापडायचे आणि मी त्यांना रागवायचो. दोष मुलांचा नव्हता.

आता दुसरी गोष्ट, जी परीक्षकांनी विचारलेली नाही पण पुढच्या फेरीत विचारतील. द्रावण लालसर होते ते तपकिरी झाले, म्हणून नॅनोकण तयार झाले, असे तुम्ही लिहिले असणार. सिल्व्हर क्लोराइड उजेडात आपोआप काळवंडते. जुन्या काळची छायाचित्रकला या गुणावरच उभी होती. त्यातून कोकमाच्या लाल रंगातली अँथोसायनिन द्रव्ये स्वतःच ५२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात. चांदीच्या नॅनोकणांचा पट्टा साधारण ४०० ते ४५० मध्ये येतो. तेव्हा नुसत्या अर्काचा वर्णपट वजा केल्याशिवाय तुमचा आलेख कोणी मान्य करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खात्री करून घेण्याला मोठे यंत्र लागत नाही. थोडा अर्क चिनीमातीच्या मुशीत आटवून जाळा, राख ऊर्ध्वपातित पाण्यात घ्या, गाळा, विरल नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करा आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. जाळायचे अशासाठी की अर्काचा रंग आणि सेंद्रिय आम्ले निघून जावीत, नाहीतर तीही चांदीबरोबर साका देऊन फसवतात. पांढरा साका आला आणि तो विरल अमोनियात विरघळला, तर वाद संपला. सोबत तेच सगळे कोऱ्या पाण्यावरही करा.

पदवीच्या वर्गांना तीस वर्षांहून अधिक काळ अकार्बनी रसायन शिकवले, नॅनो मात्र कधी शिकवले नाही. आमच्या वेळी नॅनोला "अब्जांश" हा मराठी शब्दही नव्हता. पण तुमचे दुसरे परीक्षक जे कोणी आहेत त्यांनी तीन पाने फुकट लिहून दिली आहेत, आणि माझ्या मते त्यांना उत्तर ठाऊक असूनही त्यांनी ते तुमच्यासाठी मोकळे सोडले आहे. त्यांना सोडून सात दिवसवाल्यांकडे जाऊ नका.

सडा

सर, रसायन बरोबर आहे, पण दुसरी बाजूही कोणी मांडायला हवी. मी सिंधुदुर्गात शिकवतो. टीईएमसाठी नमुना मुंबईला किंवा कोल्हापूरला पाठवावा लागतो, महिना-दोन महिने क्रमांक लागत नाही, आणि पावसाळ्यात वीज गेली की सेंट्रिफ्यूज मधेच थांबतो. युरोपात किंवा अमेरिकेत बसलेल्या परीक्षकाला "आणखी शंभर कण मोजा" असे लिहायला अर्धा मिनिट लागतो. ज्याची नोकरीतली बढती किंवा शिष्यवृत्तीची मुदत निबंधावर टांगलेली आहे, त्याने सात दिवसांच्या वाटेकडे पाहिले तर त्याला एकदम चोर ठरवू नये, इतकेच माझे म्हणणे आहे.

पुस्तकपाल

सडा यांची अडचण खरी आहे, पण त्या वाटेने अडचण सुटत नाही. पैसे जातात आणि निबंधही जातो, कारण एकदा तेथे छापला की तोच मजकूर दुसऱ्या कोठेही देता येत नाही. मी महाविद्यालयीन ग्रंथालयात काम करते, आणि गेल्या काही वर्षांत असे अडकलेले निबंध सोडवून घेण्यासाठी आलेली प्राध्यापक मंडळी पाहिली आहेत. निबंध मागे घ्यायचा म्हटले की त्याचेही वेगळे शुल्क मागतात.

रातांबा ताई, आधी पैशांचे सांगते, कारण याबाबत नवख्या संशोधकांचा फार मोठा गैरसमज असतो. चांगल्या नियतकालिकात छापायला पैसे पडतात, हे सरसकट खरे नाही. अमेरिकन केमिकल सोसायटीची "नॅनो लेटर्स" आणि "एसीएस नॅनो", ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीचे "नॅनोस्केल", तिथल्याच आयओपी (इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्स) या प्रकाशनसंस्थेचे "नॅनोटेक्नॉलॉजी" ही सगळी मिश्र पद्धतीची आहेत. निबंध सर्वांना खुला ठेवायचा असेल तरच लेखकाने शुल्क द्यायचे. वर्गणीदार वाचकांपुरता ठेवला तर लेखकाला काही द्यावे लागत नाही. "नॅनोस्केल अॅडव्हान्सेस"सारखी पूर्ण खुली नियतकालिके मात्र शुल्कावर चालतात. आणि जर्मनीतील बाइलस्टाइन संस्थेचे "बाइलस्टाइन जर्नल ऑफ नॅनोटेक्नॉलॉजी" २०१० पासून निघते, ते वाचकालाही फुकट आणि लेखकालाही फुकट. सगळा खर्च ती संस्था करते. याचा अर्थ तेथे कोणालाही प्रवेश मिळतो असा नाही. परीक्षण तेथेही तितकेच कडक असते.

कोणते नियतकालिक कशासाठी आहे हेही पाहावे लागते. या विषयाला वाहिलेले "नॅनोटेक्नॉलॉजी" १९९० मध्ये सुरू झाले, तेव्हा असे दुसरे नियतकालिक नव्हते. नॅनो लेटर्स २००१ चे, स्मॉल २००५ चे, नेचर नॅनोटेक्नॉलॉजी २००६ चे, एसीएस नॅनो २००७ चे. म्हणजे जवळजवळ सगळी मोठी नावे या शतकातली आहेत. नॅनो लेटर्समध्ये आटोपशीर आणि तातडीचे निष्कर्ष येतात. नेचर नॅनोटेक्नॉलॉजीकडे आलेल्या निबंधांपैकी बहुसंख्य संपादकच परत करतात, तेव्हा चार दिवसांत "नाही" आले तर ती सेवाच समजावी. दुसरीकडे पाठवायला आपण मोकळे होतो.

आता त्या ईमेलविषयी. संकेतस्थळावर आयएसएसएन क्रमांक ठळक छापला असेल. तो कोणत्याही नियतकालिकाला मिळतो, त्याचा दर्जाशी संबंध नाही. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे नियतकालिकातल्या निबंधांचे सरासरी किती संदर्भ दिले जातात तो आकडा, क्लॅरिव्हेट ही संस्था दरवर्षी जाहीर करते. त्या शब्दांच्या आधी एखादे भारदस्त विशेषण जोडलेले दिसले की तो आकडा कोणीतरी दुसऱ्यानेच बनवलेला आहे असे समजा. स्कोपस किंवा डीओएजे (खुल्या नियतकालिकांची सूची) या पारखून केलेल्या सूच्यांमध्ये असल्याचा दावा असेल तर त्यांच्या संकेतस्थळावर जाऊन तपासा, नियतकालिकाने दिलेल्या दुव्यावरून नको. संपादक मंडळातल्या एक-दोघांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर सरळ विचारावे. पुष्कळदा त्यांना आपण मंडळावर आहोत हे माहीतच नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर ही यादी पाहून निर्धास्त होण्याची सोय होती, पण २०२५ मध्ये आयोगाने ती बंद केली, आणि आता ही पारख महाविद्यालयांच्या व विद्यापीठांच्या अंगावर पडली आहे. आणखी एक : २०२२ च्या नियमावलीने पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलाच पाहिजे ही आयोगाची सक्ती काढली आहे. तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली आहे का ते विचारून घ्या. नसेल तर घाईचे निम्मे कारण उरत नाही.

"विशेषांक" या शब्दाने मात्र भल्याभल्यांना चकवले आहे. "जर्नल ऑफ नॅनोपार्टिकल रिसर्च" हे १९९९ पासूनचे प्रतिष्ठित नियतकालिक आहे. काही भामट्यांनी खऱ्या शास्त्रज्ञांची नावे घेतली, विद्यापीठांच्या पत्त्यांशी मिळतेजुळते ईमेल पत्ते तयार केले आणि आरोग्यक्षेत्रातील नॅनोतंत्रज्ञानावर विशेषांकाचा प्रस्ताव दिला. तो मंजूर झाला आणि निकृष्ट निबंध छापूनही आले. २०२० मध्ये नियतकालिकाने स्वतःच संपादकीयात आपण एका टोळीला बळी पडल्याचे सांगितले. खऱ्या घरातही चोर शिरू शकतो. तुम्हाला ईमेल आली ते तर घरच नाही, नुसता दरवाजा उभा केलेला आहे.

वाचनासाठी : १ जानेवारी २०२५ पासून "वन नेशन वन सबस्क्रिप्शन" योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना मिळू लागली आहेत. तुमचे महाविद्यालय त्यात बसते का, हे ग्रंथपालांना विचारा. बसत नसेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक दिवस काढा. वरिष्ठांना दाखवायला तेवढा पुरेल.

आंबा घाट

मी मूळचा लांजा तालुक्यातला, सध्या पुण्यात मटेरिअल्सवर काम करतो आणि वर्षाला आठ-दहा निबंध परीक्षक म्हणूनही पाहतो. खाडीकाठ सरांनी शिखरांचे कोडे सोडवलेच आहे. उरलेल्या शेऱ्यांविषयी लिहितो.

१९ आणि ८४ या आकड्यांत विरोध नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी मोजतात. शेररचे सूत्र शिखराच्या रुंदीवरून स्फटिकाच्या एका सलग तुकड्याचा आकार देते. एका कणात असे अनेक तुकडे असू शकतात. डीएलएस पाण्यात तरंगणाऱ्या कणाचा, त्याच्याभोवतीच्या सेंद्रिय थरासकट, व्यास देते, आणि मोठे कण प्रकाश फार जास्त विखुरत असल्यामुळे चार गुठळ्यासुद्धा सरासरी वर ओढतात. हे दोन परिच्छेदांत लिहा. पण "कणांचा आकार" म्हणायचा असेल तर टीईएमच लागते, आणि एका छायाचित्रावर भागत नाही. वेगवेगळ्या जागांची पाच-सहा छायाचित्रे घ्या, इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये किमान दोनशे कण मोजा आणि आकारांचा स्तंभालेख द्या. सडा म्हणतात ती रखडपट्टी मी भोगली आहे. आयआयटी मुंबईच्या सैफ या सामायिक उपकरण केंद्रात बाहेरच्या विद्यार्थ्यांचे नमुने शुल्क घेऊन तपासतात, पण रांग लांब असते. त्यावर उपाय एकच : आजच नाव नोंदवा, त्याची पावती जोडून संपादकांना मुदतवाढीचे पत्र लिहा. कारण खरे असेल तर बहुतेक संपादक महिना-दोन महिने विनातक्रार देतात. "आमच्याकडे यंत्र नाही" एवढेच लिहिले तर मात्र ते निबंध मिटवतात.

जिवाणूंचा शेरा टाळू नका. तुमच्या द्रावणात न बदललेली चांदीची आयने शिल्लक असतील तर जिवाणू त्यांनीच मारले असणार, आणि श्रेय नॅनोकणांना जाईल. कण सेंट्रिफ्यूजमध्ये तीनदा धुवा; धुतलेले कण, वरचे निथळलेले पाणी, नुसते सिल्व्हर नायट्रेट आणि नुसता अर्क असे चार वेगळे नमुने एकाच ताटलीवर ठेवा. कोकमाचा अर्क इतका आंबट आहे की तो एकटाही काही जिवाणूंची वाढ रोखू शकेल.

शेवटची ओळ, "नवे काय?" तुम्हाला लागली, हे समजू शकतो. पण तिचा इतिहास पाहा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने गवती चहाच्या अर्काने सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण बनवले आणि ते काम २००४ मध्ये "नेचर मटेरिअल्स"मध्ये आले. आपल्या परसातला गवती चहा! तेव्हा त्यात दोन गोष्टी नव्या होत्या : वनस्पतीच्या अर्काने कणांना ठरावीक आकार देता येतो, आणि ते पातळ त्रिकोण अवरक्त प्रकाश शोषतात. त्यानंतर कढीपत्ता, तुळस, कडुनिंब, आंब्याची पाने, काजूची पाने असे करत अवघा परसदार छापून झाला. आज माझ्याकडे असा निबंध आला की मी एकच पाहतो : अर्कातले कोणते द्रव्य काय करते, हे शोधले आहे का? कोकमात हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल आहे, गार्सिनॉल आहे, अँथोसायनिन आहेत. शुद्ध हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल विकत मिळते. नुसत्या त्याने कण होतात का, रंग काढून टाकलेल्या अर्काने होतात का, एवढे दोन प्रयोग जोडलेत तर त्या ओळीला उत्तर मिळेल.

एक मोह मात्र होईल, म्हणून आधीच सांगतो. चांदी आणि सिल्व्हर क्लोराइड यांची जोडी दृश्य प्रकाशात चालणारा उत्प्रेरक म्हणून २००८ पासून प्रसिद्ध आहे. तेव्हा "आम्ही मुद्दामच ती जोडी बनवली" असे शीर्षक बदलून दाखवता येईल. तसे करू नका. जुन्या नमुन्यात क्लोराइड आमसुलातल्या मिठातून आले, हे सरळ लिहा, नवा नमुना बिनमिठाचा करा आणि दोन्ही आलेख एकाखाली एक द्या. परीक्षक म्हणून मला असा आलेख दिसला तर उरलेला निबंध मी अधिक विश्वासाने वाचतो.

उत्तराच्या पत्रात प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवा, त्याखाली उत्तर आणि बदललेल्या ओळींचे क्रमांक द्या. आभार एकदाच, सुरुवातीला. परीक्षक चुकला असेल तेथे पुराव्यासह तसे सांगायला हरकत नाही.

रातांबा

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण सांगितलेले करून पाहिल्याशिवाय लिहायचे नव्हते.

राखेची चाचणी त्याच आठवड्यात केली. दुसऱ्या थेंबाला परीक्षानळीत दही लागल्यासारखे झाले आणि अमोनिया घालताच सगळे निवळले. कोऱ्या पाण्यात काहीच आले नाही, म्हणजे आमचे ऊर्ध्वपातित पाणी तरी निर्दोष निघाले. मार्गदर्शकांना नळी दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मी आमसुले रोज खातो."

बिनमिठाच्या साली कोठून मिळवायच्या हा प्रश्न होता. राजापूरकडे माझी आत्या राहते. पित्तासाठी म्हणून ती थोडी सोले मीठ न लावता नुसती उन्हात वाळवून ठेवते. तिच्या बरणीतून दोनशे ग्रॅम मिळाली. त्यांच्या अर्काच्या राखेत साका आला नाही, फक्त अगदी पुसट धुरकटपणा आला. एक्सआरडीमध्ये २७.८ आणि ४६.२ ची शिखरे गेली, ३२.२ वर आलेख सपाट आहे आणि ३८.१ चे शिखर एकटे उभे आहे. नोंदणीची पावती जोडून संपादकांना पत्र लिहिले, त्यांनी ४५ दिवस वाढवून दिले. सात दिवसवाल्यांच्या संपादक मंडळातील एका प्राध्यापकांना विचारले, तर त्यांनी ते नाव प्रथमच ऐकल्याचे कळवले.

एक नवी अडचण आहे. आमसुलांच्या अर्काने तासाभरात रंग बदलत असे. नव्या अर्काला दोन दिवस लागतात आणि ४२० नॅनोमीटरचा पट्टाही बुटका आहे. पीएच मीटरवर अर्क २.३ दाखवतो. काय करावे?

खाडीकाठ

तासाभरात रंग बदलत होता तो बहुधा क्लोराइडच उजेडाने काळवंडत होते. आता दिसतो आहे तो खरा वेग. इतक्या आम्लधर्मी द्रावणात चांदीचे क्षपण मंदच होणार. विरल सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच हळूहळू ५, ६, ७ असा चढवत तीन-चार वेगळे नमुने लावा. एकदम वर नेऊ नका, तपकिरी सिल्व्हर ऑक्साइडचा साका पडून पुन्हा फसगत होईल. पीएच चुकून जास्त झाला तर खाली आणायला नायट्रिक आम्ल वापरा, हायड्रोक्लोरिक नको. आणि मीटरचा इलेक्ट्रोड चांदी घातलेल्या द्रावणात बुडवू नका. त्याच्या आत पोटॅशियम क्लोराइड भरलेले असते आणि ते थोडे थोडे बाहेर झिरपते. चांदी घालण्याआधी अर्काचा थोडा भाग वेगळा काढून त्यावरच मोजा आणि तो भाग टाकून द्या.

आत्याबाईंच्या बरणीत आणखी सोले असतील तर आताच मागून ठेवा. नवे रातांबे यायला अजून चार महिने आहेत.